आजन्म, पण कोणाच्या?

'टायटॅनियम कायमचे टिकते' हे वाक्य सायकलींच्या बाजारात इतक्यांदा उच्चारले जाते की ते आता विधान न राहता मंत्र झाले आहे. मंत्राचा अर्थ विचारायचा नसतो असे म्हणतात. पण आम्ही पडलो भाषेचे अध्यापक, अर्थ विचारण्यावरच आमचा चरितार्थ चालतो. बॉस्टनजवळ नोकरी करणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याने १९९०च्या दशकातली एक मर्लिन फ्रेम हेरून ठेवली आहे आणि 'सर, घेऊ का?' असे आम्हां दोघांनाही विचारले आहे. त्याला जे उत्तर दिले ते थोडे विस्ताराने येथे मांडावे, असे वाटले. कारण प्रश्न दिसतो सायकलीचा; पण मुळात तो टिकण्याचा आहे. आणि टिकणे म्हणजे काय, या प्रश्नाशी साहित्याच्या अभ्यासकाचा संबंध नाही असे कोण म्हणेल?

आधी या धातूविषयी. १७९१ साली इंग्लंडमधल्या कॉर्नवॉल परगण्यात विल्यम ग्रेगर या धर्मोपदेशकाला काळसर वाळूत एका अनोळखी धातूचा अंश आढळला. चार वर्षांनी, १७९५ साली, क्लाप्रोट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ग्रीक पुराणातल्या टायटनांवरून त्याचे नामकरण केले. वस्तू सापडली एकाला आणि नाव दिले दुसऱ्याने. वाङ्मयेतिहासात हे आपल्याला नवे नाही. ज्या खनिजातून हा धातू मिळतो ते इल्मेनाइट काही दुर्मीळ नव्हे. केरळच्या किनाऱ्यावर ते विपुल आहे, आपल्या रत्नागिरीच्या काळ्या वाळूतही आहे. दुर्मीळ आहे ती त्या वाळूतून धातू वेगळा काढण्याची सोय. तापलेल्या टायटॅनियमला प्राणवायूची आणि नत्रवायूची विलक्षण ओढ असते. त्यांच्याशी संयोग झाला की तो ठिसूळ होतो. विसाव्या शतकाच्या मध्याला विल्यम क्रोल यांच्या पद्धतीने तो मोठ्या प्रमाणावर काढता येऊ लागला, तेव्हा त्याचे पहिले मोठे गिऱ्हाईक झाले विमानांचे आणि शस्त्रास्त्रांचे कारखाने. सायकलच्या वाट्याला तो आला तो त्यांच्या पाठोपाठ.

१९७०च्या दशकात इंग्लंडात स्पीडवेलने आणि अमेरिकेत टेलिडाइनने टायटॅनियमच्या फ्रेमी विकल्या. टेलिडाइनची नळी मिश्रधातूची नव्हती, जवळजवळ शुद्ध टायटॅनियमची होती; त्या फ्रेमी लवचीक म्हणून गाजल्या आणि काही मोडल्या म्हणूनही. 'कायमचे टिकते' या मंत्राचा पहिला प्रतिवाद असा खुद्द टायटॅनियमनेच केलेला आहे. पुढे विमानांतल्या तेलवाहक नळ्यांसाठी घडवलेला मिश्रधातू सायकलवाल्यांच्या हाती आला. त्यात तीन टक्के ॲल्युमिनियम आणि अडीच टक्के व्हॅनेडियम असते. १९८६च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समध्ये मर्लिन आणि टेनेसीत लिंस्की कुटुंबाचे लाइटस्पीड उभे राहिले. कोलोरॅडोतले मूट्स १९८१चे. तेही टायटॅनियमकडे वळले. मर्लिनमध्ये तयार झालेल्या रॉब व्हँडरमार्क यांनी १९९७ साली त्याच राज्यात सेव्हन सायकल्स काढली. आज जुन्या बाजारात जी नावे फिरतात त्यांतली बरीचशी या मोजक्या घराण्यांतली आहेत. (घराणी हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरतो, येथेही गुरू सोडून शिष्याने वेगळी गायकी मांडण्याचा प्रघात आहे.)

आता गुणधर्म. टायटॅनियमच्या मिश्रधातूची घनता पोलादाच्या निम्म्याहून थोडी अधिक आणि ताठपणा साधारण निम्मा. म्हणून पोलादाएवढा ताठपणा हवा तर नळी जाड व्यासाची घ्यावी लागते, आणि तरीही वजन कमी भरते. वारंवार पडणारा भार एका मर्यादेखाली राहिला तर हा धातू दीर्घकाळ थकत नाही. ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही. पावसाने, घामाने तो गंजत नाही, म्हणून त्याला रंगही लागत नाही. एवढे सगळे खरे. मात्र या खऱ्याच्या आधाराने जे वाङ्मय निर्माण झाले आहे ते तपासून घेण्यासारखे आहे. 'जिवंत', 'रेशमी', 'जादुई' ही विशेषणे टायटॅनियमच्या सायकलींच्या परीक्षणांत ज्या मोकळ्या हाताने उधळलेली असतात, तो मोकळा हात आपण पुस्तकांच्या मलपृष्ठांवर पाहिलेला आहे. नळीचा व्यास, भिंतीची जाडी, चिमट्याचा प्रकार, टायरची रुंदी आणि त्यातली हवा या साऱ्यांचा परिणाम धातूच्या एकट्याच्या खाती जमा करणे म्हणजे कवितेचे सारे श्रेय वृत्ताला देणे. विद्यार्थ्याला आम्ही पहिली गोष्ट सांगितली ती ही, की विशेषणे बाजूला ठेव आणि फ्रेम वाच.

'वाच' हे क्रियापद आम्ही लाक्षणिक अर्थाने वापरत नाही. वापरलेली फ्रेम ही एक संहिता असते आणि तिच्यावर आधीच्या मालकाच्या खुणा असतात. सांध्यांपासून सुरुवात करावी. वेल्डिंग करताना आरगॉन वायूचे आवरण अपुरे पडले असेल तर तो सांधा आतून ठिसूळ राहतो. वरून कितीही झिलई केली तरी दोष जात नाही. उलट झिलईमुळे तो झाकला जातो. त्यामुळे प्रत्येक सांधा आणि त्याच्या लगतची नळी स्वच्छ पुसून, भर उजेडात, भिंगाखाली पाहावी. खालची नळी पुढच्या बाजूला जिथे मिळते ती जागा, पायडलाच्या आसाभोवतीचा भाग, चेनच्या बाजूची मागची नळी, सीटची दांडी आवळण्यासाठी दिलेली चीर आणि बाटलीच्या स्क्रूंची भोके या ठिकाणी तडा आधी जातो. पुसूनही न जाणारी केसासारखी काळी रेघ दिसली की ती ओरखडा समजून पुढे जाऊ नये.

मग सीटची दांडी हलते का ते पाहावे. टायटॅनियम गंजत नसला, तरी त्याच्यात बसवलेली ॲल्युमिनियमची दांडी त्याच्या सहवासात गंजते. मध्ये ग्रीस नसेल तर काही वर्षांत ती अशी रुतून बसते की कापून काढावी लागते. स्वतः निष्कलंक राहून सोबत्याला गंजवणारी माणसेही आपण पाहिलेली आहेत, असो. फ्रेम सरळ आहे की नाही हे पाहायला तर साधी सुतळी पुरते. मागच्या चाकाच्या एका बाजूच्या खाचेपासून ती पुढे न्यावी, डोक्याच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या खाचेपर्यंत ताणून आणावी आणि सीटच्या नळीपासून दोन्हीकडचे अंतर मोजावे. ते सारखे भरले नाही तर फ्रेमने कधीतरी मार खाल्लेला आहे, विकणारा काहीही म्हणो. चिमटा मात्र, कार्बनचा असेल तर, आम्ही नवाच घ्यायला सांगितला. जुन्या टायटॅनियम फ्रेमींचे चिमटे बहुधा टायटॅनियमचे नसतात, आणि मोडणारा चिमटा पूर्वसूचना देईलच असे नाही. येथे प्रश्न रसिकतेचा नसून दातांचा आणि कवटीचा आहे.

आणखी एक तपासणी धातूची नाही, नीतीची आहे. पायडलाच्या आसाच्या नळीखाली बहुधा अनुक्रमांक कोरलेला असतो. तो खरवडलेला असेल, किंवा विकणारा मूळ पावतीचा विषय निघताच दुसरे बोलू लागत असेल, तर स्वस्ताईचे कारण कळले असे समजून परत फिरावे. चोरीची फ्रेम विकत घेणारा दुसरा मालक नसतो, तो चोरीतला भागीदार असतो.

एवढ्या परीक्षेतून फ्रेम उतरली असे समजू. मग तरी ती 'कायमची' ठरते का? येथे आमचा मुख्य मुद्दा येतो. धातू थकला नाही तरी त्याच्या भोवतीचे व्याकरण बदलते. १९८०च्या दशकात मागच्या चाकासाठी फ्रेममध्ये १२६ मिलिमीटर जागा असे, पुढे ती १३० झाली. चिमट्याची दांडी एक इंच व्यासाची होती, ती सव्वा इंचाच्या जवळ, एक पूर्णांक एक अष्टमांश इंचावर गेली. शर्यतीच्या सायकलला २३ मिलिमीटरचे टायर हेच योग्य असे मानले जाई, आता २८ आणि त्याहून रुंद टायर रूढ झाले आहेत. जुन्या फ्रेममध्ये ते बसतीलच असे नाही. रस्त्यावरच्या शर्यतींत डिस्क ब्रेकला जागतिक सायकल संघटनेने २०१८ साली कायमची मान्यता दिली, आणि जुन्या फ्रेमींवर तर ते बसवण्याची सोयच नाही. धातू शाबूत आणि तरीही वस्तू अनाथ, अशी ही अवस्था आहे. गंमत एवढीच की काही बदल फिरून माघारीही येतात. पायडलाचा आस आट्यांऐवजी दाबून बसवण्याची टूम निघाली, ती करकर वाजू लागली आणि अनेक कारखाने पुन्हा आट्यांकडे वळले. जुन्या फ्रेमींचे साधे इंग्लिश आटे आजही चालतात.

आणि 'आजन्म हमी'चे काय? हा शब्दप्रयोग विद्यार्थ्यांना अर्थनिर्णयनाचा धडा म्हणून द्यावा इतका सुरेख आहे. आजन्म म्हणजे कोणाच्या जन्मापर्यंत? फ्रेमच्या, कारखान्याच्या की गिऱ्हाइकाच्या? अटी वाचल्या की कळते, ही हमी सहसा पहिल्या मालकापुरती असते. फ्रेम दुसऱ्याच्या हाती गेली की संपली. म्हणजे नव्वद सालची फ्रेम धडधाकट आहे, तिचा मूळ मालकही सुखरूप असेल, आणि तरी 'आजन्म' मात्र उरकलेले आहे. मर्लिनच्या बाबतीत तर कारखानाही जागेवर राहिला नाही. मालकी बदलली, उत्पादन मॅसॅच्युसेट्समधून टेनेसीत गेले. दुसऱ्या मालकाला कागदोपत्री कोणी वाली नसतो.

यावर आमचे काही मित्र म्हणतील, मग हा खटाटोप कशाला? नवी कार्बनची फ्रेम घ्यावी. ती हलकी असते, तिला हमी असते आणि आजचे सुटे भाग तिला बसतात. हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. ज्याला शर्यत जिंकायची आहे, किंवा ज्याला दुरुस्तीत रस नाही आणि जवळ चांगला कारागीरही नाही, त्याने तेच करावे. शिवाय टायटॅनियमचा तडा कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये सांधून मिळत नाही. त्याला आतून-बाहेरून आरगॉन देणारा जाणता वेल्डर लागतो. आपल्याकडे लांब पल्ल्याची सायकल आता चांगली रुजली आहे; नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ साली अमेरिका आरपार ओलांडणारी शर्यत पुरी केली ती सर्वांना ठाऊक आहे. पण अशा सायकलस्वारांनी परदेशातून जुनी टायटॅनियम फ्रेम मागवण्याआधी ती मोडली तर कोणाकडे न्यायची, याचे उत्तर आपल्या गावात शोधून ठेवावे.

तरीही विद्यार्थ्याला आम्ही 'घे' असेच सांगितले. त्याच्या गावात कारागीर आहेत, सुतळीची परीक्षा त्याने केली आहे आणि मुख्य म्हणजे फ्रेमचे माप त्याच्या शरीराला जुळते. या शेवटच्या अटीवर आमचा विशेष भर होता. यांतल्या अनेक फ्रेमी एकेका गिऱ्हाइकाच्या मापाने घडवलेल्या असतात. दुसऱ्याच्या हातापायांसाठी बेतलेली वस्तू आपल्याला जवळपास बसते की तिच्यासाठी आपल्यालाच पाठ वाकवावी लागते, हे प्रामाणिकपणे पाहावे. नावाच्या मोहाने आखूड फ्रेमवर अवघडून बसलेला स्वार आणि मोठ्या लेखकाच्या दबदब्याने न पटणाऱ्या पुस्तकावर माना डोलावणारा वाचक यांच्यात आम्हांला फारसा फरक दिसत नाही.

ज्ञानेश्वरी शके १२१२ची. तीनशे वर्षांच्या आत तिच्या पाठांत इतकी भेसळ झाली होती की शके १५०६मध्ये एकनाथांना ती शुद्ध करण्याचे काम हाती घ्यावे लागले. ग्रंथाचे सामर्थ्य मूळचेच थोर होते, यात वाद नाही; पण ते सामर्थ्य पुढच्या पिढ्यांपर्यंत पोहोचले ते कोणी तरी प्रती जमवून, ताडून, चुका काढण्याचे कष्ट केले म्हणून. आपण वर्गात 'काळाच्या कसोटीवर टिकलेले साहित्य' असे सहज म्हणून जातो. काळ कसोटी घेत नाही. काळ फक्त धूळ टाकतो. ती पुसणारे हात पहिल्या मालकाचे नसतात.

टायटॅनियमचा मंत्र आम्हांला खटकतो तो यासाठी. 'हे कायमचे टिकते' असे म्हणताना आपण जबाबदारी धातूवर टाकून मोकळे होतो, ग्रीस लावायचे विसरतो आणि दांडी रुतते. सायकल असो, ग्रंथ असो की भाषा, टिकाऊपणा हा अर्धा गुण वस्तूचा आणि अर्धा पुढच्या मालकाच्या सवयींचा. ज्याला हा दुसरा अर्धा भाग उचलायचा आहे त्याने जुनी फ्रेम जरूर घ्यावी, दर वर्षी सीटची दांडी काढून पुसावी, ग्रीस लावून पुन्हा बसवावी, आणि अनुक्रमांकाबरोबर आपल्या दुरुस्त्यांचीही नोंद एका वहीत ठेवावी. तिसऱ्या मालकाला ती वही उपयोगी पडेल.