कारागिरांनो, कलम संगणकाला जोडा

खारघर स्टेशनवरून उत्सव चौकाकडे निघावे आणि रस्त्याच्या दुतर्फा असलेल्या दुकानांच्या पाट्या वाचीत जावे. औषधाचे दुकान असो, बिर्याणीचे असो की इस्टेट एजंटचे. अक्षर सगळीकडे जवळजवळ एकच. तेच चार-पाच फॉन्ट, तीच लाल-पिवळी छपाई. सिडकोने आखून वसविलेल्या या उपनगरात दुकानांची संख्या वर्षागणिक वाढते आहे. पाट्यांचे काम भरपूर आहे. प्रश्न एवढाच आहे की त्या कामात आमच्या पेंटरबांधवांचा वाटा किती?

महाराष्ट्र शासनाने २०२२ साली कायद्यात दुरुस्ती केली आणि कामगारांची संख्या कितीही कमी असली तरी प्रत्येक दुकानावर मराठी देवनागरी पाटी सक्तीची झाली. मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान नसावे, अशीही अट त्यात आहे. मुंबईतील व्यापाऱ्यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले व २०२३ च्या सप्टेंबरात न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिली. पाट्या बदलण्याची एकच घाई उडाली. ज्या माणसाने आयुष्यभर देवनागरी अक्षर काढले, त्याच्यासाठी ही केवढी मोठी संधी होती! परंतु काम गेले ते फ्लेक्स आणि एलईडी बोर्डवाल्यांकडे. पेंटर मात्र शिडी धरून उभा राहिला.

आमच्या परिचयाचे एक वयस्क पेंटर आहेत. देवनागरी आणि उर्दू, दोन्ही अक्षरे त्यांच्या हातात आहेत. एका दुकानदाराने मुद्दाम त्यांच्याकडून नाव लिहून घेतले. त्यांनी कागदावर सुरेख अक्षर काढून दिले. दुकानदाराने तो कागद छपाईच्या दुकानात नेला. तेथील ऑपरेटरने मोबाईलवर फोटो काढला, संगणकावर अक्षराच्या कडा साफ केल्या आणि बोर्ड छापला. ‘डिझाइन’चे पैसे ऑपरेटरने घेतले, चाचांच्या हाती चहापाण्याचे पैसे आले. पुढे काही महिन्यांनी तेच अक्षर, तीच वळणे दुसऱ्या दोन दुकानांवर झळकली. चाचा म्हणाले, “बेटा, हाथ मेरा, माल उनका.”

या एका वाक्यात आमच्या कारागिराची सारी कहाणी आली. हुनर त्याच्यापाशी आहे. पण हुनर ज्या फाइलमध्ये साठविले जाते ती फाइल दुसऱ्याच्या संगणकात आहे.

असे पूर्वीही घडले आहे. उर्दू वृत्तपत्रांतील कातिब आठवा. बोरूने नस्तालिक लिहिणारे हे लोक रात्र-रात्र बसून उद्याचा अंक तयार करीत. १९८१ साली मिर्झा अहमद जमील यांच्या हस्ताक्षरावरून तयार झालेले ‘नूरी नस्तालिक’ छपाईच्या यंत्रावर आले. १९९४ च्या सुमारास ‘इनपेज’ हे सॉफ्टवेअर साध्या संगणकावर उपलब्ध झाले. त्यानंतर पाहता पाहता कातिबांच्या गाद्या रिकाम्या झाल्या. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. यंत्रात जे अक्षर गेले ते एका खुशनवीसाचेच होते. यंत्राने स्वतः अक्षर निर्माण केले नाही. ज्याचे अक्षर यंत्रात शिरले त्याचे नाव राहिले, बाकीचे घरी बसले.

त्या काळी सामान्य कातिबापुढे दुसरा मार्ग नव्हता. टंकलेखनाच्या कळफलकावर हाताच्या वळणाला वावच नसतो. आज परिस्थिती वेगळी आहे आणि हेच आम्हाला आमच्या वाचकांना सांगावयाचे आहे. ड्रॉइंग टॅब्लेट नावाची जी पाटी बाजारात मिळते, ती कळफलकाच्या जातीची नाही, बोरूच्या जातीची आहे. तिच्यावर विशिष्ट पेनाने रेघ ओढली की ती संगणकाच्या पडद्यावर उमटते. पेन जोराने दाबला की रेघ जाड होते, हात हलका केला की बारीक. आजच्या साध्या टॅब्लेटसुद्धा दाबाच्या हजारो पायऱ्या ओळखतात. म्हणजे वीस वर्षे ब्रश धरून हातात जो तोल आला आहे, तो येथे वाया जात नाही. उलट तोच कामाला येतो. संगणक शिकलेल्या पण हात न घडलेल्या मुलापेक्षा आमचा पेंटर येथे एक पाऊल पुढे आहे. मात्र त्याने बसावयास हवे.

आता व्यवहाराचे बोलू. सुरुवातीला किती खर्च येतो? पडदा नसलेली लहान टॅब्लेट साधारणतः तीन ते पाच हजार रुपयांत मिळते. वॅकॉम ही जपानी कंपनी या धंद्यात जुनी. ह्युऑन, एक्सपी-पेन या चिनी कंपन्यांचा माल स्वस्त पडतो. पडद्यावरच लिहिता येईल अशी टॅब्लेट घ्यावयाची तर वीस हजारांच्या आसपास किंवा त्याहून अधिक मोजावे लागतात. आमचा सल्ला असा की नवशिक्याने तिच्या वाटेला जाऊ नये. घरात मुलाचा संगणक असेल तर लहान टॅब्लेट पुरेशी आहे. काही टॅब्लेट मोबाईललाही जोडता येतात. घेण्यापूर्वी दुकानदारासमोर जोडून पाहावी.

हप्त्यावर महागडे यंत्र घेऊन व्याजाच्या चक्रात अडकण्याचे कारण नाही. व्याजापासून दूर राहण्याची आपली शिकवण येथे व्यवहाराच्या दृष्टीनेही शहाणपणाची ठरते. तीन हजारांची पाटी दोन महिन्यांच्या बचतीतून येते. नाहीच जमले तर भावाकडून कर्जे-हसना घ्यावे. काम मिळू लागल्यावर मोठे यंत्र त्या कमाईतून घ्यावे.

सॉफ्टवेअरचेही तसेच. फोटोशॉप हे नाव सर्वांना ठाऊक आहे. ते आता दरमहा किंवा दरवर्षी भाडे भरून वापरावे लागते. म्हणून अनेकजण त्याची चोरीची प्रत वापरतात आणि त्यात काही वावगे आहे असे त्यांना वाटतही नाही. दुसऱ्याच्या मेहनतीची चोरी करून स्वतःच्या मेहनतीची बरकत कशी मागावी, याचा विचार ज्याने त्याने करावा. मार्ग सोपा आहे. चित्रे काढण्यासाठी ‘क्रिता’ आणि अक्षरांची बाह्यरेषा तयार करण्यासाठी ‘इंकस्केप’, ही दोन्ही सॉफ्टवेअर पूर्णतः मोफत आहेत आणि धंद्यासाठी वापरण्यासही मुभा आहे. पाट्या, खाके आणि नक्षीचे बरेचसे काम या दोहोंत होते.

पहिला आठवडा कठीण जातो, हे आधीच सांगून ठेवतो. हात टेबलावर आणि नजर समोरच्या पडद्यावर, ही सवय नसते. रेघ भलतीकडे जाते. पुष्कळजण येथेच कंटाळून टॅब्लेट कपाटात ठेवतात. तसे करू नये. टॅब्लेटच्या सेटिंगमध्ये तिची लांबी-रुंदी पडद्याच्या प्रमाणात करून घ्यावी. नाहीतर गोल काढला की तो अंड्यासारखा होतो. मग रोज इशानंतर एक तास फक्त उभ्या, आडव्या, तिरप्या रेघा आणि वर्तुळे काढावीत. दुसऱ्या आठवड्यात क्रितामधील चपट्या टोकाचा ब्रश निवडून त्याचा कोन पक्का करावा. तो छाटलेल्या बोरूसारखा चालतो. त्याने ‘अलिफ, बे’ आणि ‘अ, आ’ गिरवावे. उस्तादाने लहानपणी जसे पाटीवर गिरवून घेतले होते तसेच. पंधरा-वीस दिवसांत हात ओळखीचा वाटू लागतो.

त्यानंतर तीन गोष्टी शिकून घ्याव्यात. पहिली म्हणजे लेयर, अर्थात थर. पार्श्वभूमी एका थरावर, अक्षर दुसऱ्यावर, नक्षी तिसऱ्यावर ठेवली की गिऱ्हाईकाने “रंग बदला” म्हटल्यावर सारे पुन्हा काढावे लागत नाही. दुसरी म्हणजे माप. कागदावर छापावयाच्या कामासाठी ३०० डीपीआय धरावे. ए-फोर आकाराला ते २४८० बाय ३५०८ ठिपके होतात. मोठा फ्लेक्स दुरून पाहिला जातो, त्याला प्रत्यक्ष आकारात ७२ ते १०० डीपीआय चालते. तिसरी म्हणजे रंग. पडदा प्रकाशाने रंग दाखवितो, छपाई शाईने होते. म्हणून पडद्यावरचा झगझगीत हिरवा छपाईत मळकट दिसतो. मोठे काम देण्यापूर्वी एक छोटा नमुना छापून पाहावा आणि तो गिऱ्हाईकालाही दाखवावा. पुढची भांडणे टळतात.

हे केवळ पेंटरपुरते नाही. जरदोजीच्या कारखान्यात खाका काढणारा कारागीर घ्या. गळ्याची एक बाजू काढली की क्रितामधील आरशाची सोय दुसरी बाजू आपोआप काढते. एका कळीपासून आठ किंवा बारा पाकळ्यांची नक्षी एकाच वेळी उमटते. कपड्यावर सलग फिरणारी वेल जोडाजवळ तुटू नये यासाठीही वेगळी सोय आहे. तयार खाका प्रत्यक्ष मापात कागदावर छापून पूर्वीप्रमाणेच सुईने टोचावा. संगणकीय भरतकामाचे यंत्र असलेल्यांसाठी इंकस्केपला जोडणारे ‘इंक-स्टिच’ हे मोफत साधन टाक्यांची फाइल बनवून देते. सुतारकाम करणाऱ्यास जाळीची नक्षी काढून ती सीएनसी कटिंगवाल्याकडे देता येते. मेंदी काढणाऱ्या भगिनींना घरबसल्या आपल्या नमुन्यांचे पुस्तक तयार करता येते.

काहीजण विचारतील, चित्रकला म्हणजे जिवंत प्राण्यांच्या आकृती आल्या, त्याचे काय? त्याबाबत उलेमांमध्ये जी मतांतरे आहेत त्यांत आम्ही शिरत नाही. ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे. परंतु खुशखत, बेलबुट्टे आणि भौमितिक नक्षी हा आपला शेकडो वर्षांचा वारसा आहे आणि बाजारात मागणी असलेले बरेच काम त्याच क्षेत्रातले आहे.

अक्षराच्या बाबतीत तर आमची जबाबदारी अधिक आहे. अनेक पाट्यांवर उर्दू-अरबी अक्षरे सुटी-सुटी आणि उलट्या क्रमाने छापलेली आपण पाहतो. ऑपरेटरला लिपी येत नाही आणि त्याच्या सॉफ्टवेअरला ती जुळविता येत नाही, म्हणून असे घडते. मराठी जोडाक्षरांचीही हीच दैना होते. आता तर दोन ओळी लिहिल्या की चित्र बनवून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आहेत. जो केवळ दुसऱ्याची नक्कल करीत होता, त्याचे काम ती नेतील. परंतु आयतीमधील एक नुक्ता इकडचा तिकडे झाला तर तो ओळखावयास जाणता डोळाच लागतो. मशिदीच्या मेहराबीवर काय कोरले जात आहे याची खात्री गिऱ्हाईकाला माणसाकडूनच हवी असते. ती खात्री देणारा माणूस आम्ही व्हावे.

आणि चाचांचे दुःख? त्यावरही उपाय आहे. चित्राची मूळ फाइल, म्हणजे थरांसहित असलेली फाइल, कधीही कोणाच्या हवाली करू नये. छपाईपुरती पीडीएफ द्यावी. मूळ फाइलच्या दोन प्रती ठेवाव्यात, एक संगणकात व एक पेन ड्राइव्हवर. पैसे घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून चित्र काढले, तर वेगळा करार नसल्यास १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क काम सांगणाऱ्याकडे जाऊ शकतो. म्हणून पावतीवरच एक ओळ लिहावी: “हे डिझाइन फक्त या दुकानाच्या पाटीसाठी आहे, अन्य हक्क कारागिराकडे.” कापडावर किंवा अन्य मालावर ५० पेक्षा अधिक वेळा छापली जाणारी नक्षी असेल, तर २००० च्या डिझाइन कायद्याखाली तिची नोंदणी करण्याबाबत जाणकाराचा सल्ला घ्यावा, नोंदणी न केल्यास तिच्यावरील कॉपीराइट संपतो.

खारघरच्याच सेक्टर ४ मध्ये निफ्ट ही राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था आहे. डिझाइनला देशात काय किंमत आहे हे तिच्या इमारतीकडे पाहून कळते. आमच्या प्रत्येक मुलाला तेथे प्रवेश मिळेल असे नाही. मात्र त्या विद्येचा एक तुकडा आपल्या मोहल्ल्यात आणणे कोणाच्या परवानगीवर अवलंबून नाही. खारघर, तळोजा, पनवेल येथील जमाती आणि अंजुमनांना आमची विनंती आहे की एक संगणक व दोन टॅब्लेट एवढीच सामग्री एका खोलीत मांडावी. रविवारी दोन तास मुलांनी पेंटरचाचांना सॉफ्टवेअर शिकवावे आणि चाचांनी मुलांना अक्षर शिकवावे. फी घ्यावयाची नाही, द्यावयाचीही नाही. एकाकडे हात आहे, दुसऱ्याकडे यंत्राची ओळख. दोन्ही एकाच घरात असून एकमेकांशी बोलत नाहीत, हेच आमचे खरे नुकसान आहे.

हजरत दाऊद (अलैहिस्सलाम) बादशाह असूनही स्वतःच्या हाताच्या कमाईवर जगत आणि लोखंडाची चिलखते बनवीत. हाताने काम करण्यात कमीपणा नाही आणि नवे अवजार शिकण्यातही नाही. पुढल्या वेळी एखादा दुकानदार पाटीसाठी विचारील तेव्हा आमच्या पेंटरने शिडी शोधण्याआधी टॅब्लेट काढावी, समोर बसून अक्षर काढून दाखवावे आणि डिझाइनचे पैसे वेगळे मागावेत. इन्शाअल्लाह, ते मिळतील.