पालखीत काय ठेवायचे?

आई किंवा वडील गेल्यानंतर त्यांच्या स्मरणार्थ एखादे शिखर चढायचे आणि त्या निमित्ताने रुग्णालयासाठी वा शुश्रूषा केंद्रासाठी परिचितांकडून देणग्या गोळा करायच्या, ही इंग्रजी भाषक देशांत रुळलेली प्रथा आता मराठी वाचकालाही अपरिचित राहिलेली नाही. तिच्यावरचा नेहमीचा आक्षेप असा, की शोक ही खाजगी गोष्ट आहे; ती चव्हाट्यावर मांडून पैसे मागणे अभिरुचीला सोडून आहे. मला हा आक्षेप पटत नाही.

स्मरणासाठी चालणे आपल्याला परके नाही. तुकोबांचे धाकटे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५च्या सुमारास वडिलांच्या पादुका पालखीत ठेवून पंढरीची वाट धरली, आणि आजच्या पालखी सोहळ्याचा प्रारंभ तेथून मानला जातो. तुकोबांच्या निर्याणसमयी नारायणमहाराज आईच्या पोटात होते, असे परंपरा सांगते. म्हणजे न पाहिलेल्या पित्याचे स्मरण मुलाने चारचौघांत, भर रस्त्यावर केले. आजही कित्येक वारकरी घरांत वडिलांच्या पश्चात त्यांची वारी मुलगा पुढे चालवतो.

तेव्हा प्रश्न प्रदर्शनाचा नसून पालखीत काय ठेवले आहे याचा आहे. अशा मोहिमेसोबत देणगीदारांसाठी एक आवाहन लिहिले जाते. साहित्याच्या अभ्यासकांनी त्याकडे मृत्युलेखाचा एक नवा प्रकार म्हणून पाहावे असे मला वाटते. त्याचा साचा बहुधा ठरलेला असतो. आई लढाऊ वृत्तीची होती, तिने आजाराशी हसतमुखाने झुंज दिली, एवढ्या दोन वाक्यांत आई संपते. मग किलिमांजारो येतो: त्याची ५,८९५ मीटर उंची, विरळ हवा, थंडी, लेखकाला नसलेला सराव. ती दोन वाक्ये कोणाच्याही आईला लागू पडतील. शेवटच्या दिवसांत परिचारिकेने नेमके काय केले, ती नसती तर काय झाले असते, हे मात्र लिहिलेले नसते. वास्तविक देणगी द्यावी याचे खरे कारण तेच.

दुसरी उणीव नैतिक आहे. किलिमांजारोवर प्रवाशांचे तंबू, शिधा आणि सामान स्थानिक हमाल वाहून नेतात, पुष्कळदा डोक्यावर. ‘मी आईसाठी हे ओझे उचलले’ असे लिहिणाऱ्याने ते प्रत्यक्षात कोणी उचलले हेही सांगावे. शिवाय काही मोहिमांत प्रवासाचा खर्च जमलेल्या देणग्यांतूनच भागवला जातो. ज्याला आईचे ऋण फेडायचे आहे, त्याने निदान प्रवासखर्च तरी स्वतःच्या खिशातून करावा.

या दोन अटी पाळल्या, तर अशा चढाईला मी आनंदाने देणगी देईन. अध्यापक मित्रांना एक सुचवावेसे वाटते. विद्यार्थ्यांना असे एक आवाहन लिहायला सांगावे. अट एकच, डोंगराचा उल्लेख शेवटच्या वाक्यापूर्वी येता कामा नये. आपल्या माणसाविषयी आपल्याजवळ सांगण्यासारखे काय आहे, हे त्यांना तेव्हा कळेल.