घर कच्चं नाही, नजर कच्ची आहे

मागच्या उन्हाळ्यात गावी गेलो, तेव्हा चुलत भावाचं माळवदाचं घर पाडायचं चाललं होतं. घरकुल मंजूर झालं होतं. कागदावर जुन्या घराची सगळी ओळख एका शब्दात उरकली होती: ‘कच्चे’. चाची ओट्यावर बसून होत्या. दर ईदच्या आधी त्या भिंती त्यांनी स्वतः लिंपलेल्या. कुराणशरीफसाठी उंचावरचा कोनाडा, दिव्यासाठी खालचा, सगळं त्यांच्याच हातचं. त्या म्हणाल्या, “कच्चा बोलते क्या इसकू? पच्चास बरसात खाया ये घर.”

आधीच सांगतो, माझं भांडण घरकुलाशी नाही. मातीच्या घराचं गुणगान बहुधा तोच करतो, ज्याला पावसाळ्यात गळत्या माळवदाखाली भांडी मांडावी लागत नाहीत. शहरात एसी लावून बसणारा रिसॉर्टवर ‘मड कॉटेज’चे पैसे मोजतो आणि घरी येऊन खेड्याचं कौतुक करतो. त्याच्या रांगेत मला उभं राहायचं नाही. भावाला कोरडं, सुरक्षित घर हवं आहे आणि तो त्याचा हक्क आहे.

माझं भांडण आहे त्या शब्दाशी. ‘कच्चे’ म्हणजे अर्धवट, अडाणी, डोकं न लावता बांधलेलं. हे खरं आहे का? मराठवाड्यात पाऊस बेताचा, ऊन मात्र जाळणारं. म्हणून इथे जाड भिंती आणि लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत. कोकणात पाऊस कोसळतो, म्हणून तिथे जांभ्याच्या भिंती आणि उतरतं कौलारू छप्पर. ही अक्कल कुठल्या कॉलेजातून आली नाही. पायाखालची माती, वाऱ्याची दिशा आणि सूर्याची चाल पिढ्यान्पिढ्या वाचून आली.

कच्छच्या बन्नी भागात मुस्लिम मालधारी कुटुंबांचे गोल भुंगे पाहा. मातीची गोल भिंत, वर गवताचं हलकं छप्पर. आतल्या भिंतीवर बाया माती-शेणाच्या लगद्यातून नक्षी उठवतात, मधे आरशाचे तुकडे बसवतात. दिव्याच्या उजेडात खोली चमकते. ही कला नाही तर काय? २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात दगडी घरं आणि नव्या काँक्रीटच्या इमारती कोसळल्या, तेव्हा चांगले बांधलेले अनेक भुंगे उभे राहिले. मालीमधल्या जेन्ने शहराची भव्य मशीदही मातीचीच. दरवर्षी अख्खं शहर जमून तिला नवा लेप देतं. तिला कुणी ‘कच्ची मशीद’ म्हणत नाही. ती जागतिक वारसा आहे.

आता कुणी म्हणेल, किल्लारी विसरलात का? नाही विसरलो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे हजारो माणसं दगड-मातीच्या याच घरांखाली गेली. हा आक्षेप उडवून लावणारा माणूस बेजबाबदार आहे. पण त्या भिंती का ढासळल्या, तेही विचारा. भिंतीला आत-बाहेर दोन थर, मधे नुसती दगड-मातीची भर, आणि दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड नाही. वर, गळती थांबावी म्हणून वर्षानुवर्षं टाकत गेलेल्या मातीचं ओझं. हे दोष होते आणि त्यांना इलाज होता: आरपार दगड घाला, भिंतीला पट्टे बांधा, छतावरची माती कमी करा. भूकंपानंतरच्या घरदुरुस्तीत हेच उपाय वापरले गेले. आजारी माणसाला औषध देतात, त्याचं नाव खोडत नाहीत.

आपण मात्र नावच खोडलं. प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्ये किमान २५ चौरस मीटरचं घर आणि सपाट प्रदेशात १ लाख २० हजारांचं साहाय्य ठरलं. त्यातून कोकण असो की विदर्भ, त्याच विटा, तोच स्लॅब किंवा पत्रा. गंमत अशी की देशातल्या ग्रामीण घरांचे स्थानिक नमुने मांडणारा ‘पहल’ नावाचा संग्रह खुद्द केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाकडे आहे. ‘प्रकृती, हुनर, लोकविद्या’ असा त्या नावाचा अर्थ. मग हे हुनर गावच्या गवंड्यापर्यंत का पोचत नाही?

दोष एकट्या सरकारचाही नाही. ‘पक्कं’ म्हणजे इज्जत, हे आपणच आपल्या मुलांना शिकवलं. लग्न जमवताना आधी स्लॅब विचारतो. आपल्या आया-बहिणींच्या हातची कारागिरी आपल्याला गरिबीची खूण वाटते. मग तीच नक्षी शहरात चौकटीत घालून विकली जाते, आणि आपण पैसे देऊन ती नव्या भिंतीवर टांगतो.

मागणी साधी आहे. घरकुल द्या, पण आराखडा ठरवताना घरातल्या बाईला विचारा. खिडकी कुठे, चूल कुठे, सावली कुठे, हे तिला ठाऊक आहे. स्थानिक दगड-मातीत भूकंपाला टिकेल असं बांधण्याचं प्रशिक्षण गवंड्याला द्या. आणि अर्जावरचा तो शब्द बदला.

भावाची नवी खोली आता उभी आहे. भर दुपारी तिच्यात बसवत नाही. चाची बाज घेऊन लिंबाखाली जातात. गेल्या महिन्यात त्यांनी सिमेंटच्या भिंतीत कोनाडा करायला सांगितला. गवंडी म्हणाला, नकाशात नाही.