वास न घेताच ‘फळासारखा वास’

बारावीच्या केमिस्ट्रीच्या जर्नलमध्ये मी लिहिलंय : ‘निरीक्षण – फळासारखा गोड वास.’ खरं सांगू? तो वास मी घेतलाच नव्हता. बॅचमधल्या कुणीच नाही. मागच्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवलं, सही मिळाली, मार्कही मिळाले.

तो वास खरा भेटला पुढे कॉलेजात. टेस्ट ट्यूबमध्ये ब्युटिरिक आम्ल होतं. खवट लोणी आणि ओकारी एकदम आठवावी असा त्याचा वास! त्यात इथेनॉल आणि संहत सल्फ्युरिक आम्लाचे दोन-चार थेंब घातले, गरम पाण्यात ठेवलं, मग सोड्याच्या पाण्यात ओतलं. आणि चक्क अननस! हेच असेटिक आम्ल आणि आयसोअमाइल अल्कोहोल घेऊन केलं की केळं, अगदी गोळीतलं. सॅलिसिलिक आम्ल आणि मिथेनॉल घेतलं की आजीचा गुडघ्याला लावायचा बाम.

मग प्रश्न आपोआप पडतात. ब्युटिरिक आम्ल आणि नेलपॉलिश रिमूव्हरमधलं इथाइल असेटेट, दोघांतही चार कार्बन, आठ हायड्रोजन, दोन ऑक्सिजन. फरक फक्त मांडणीचा. आम्लाचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून बसतात, म्हणून ते १६४ अंशांना उकळतं. एस्टरच्या रेणूंना तसं धरता येत नाही, ते ७७ अंशांनाच उडतं. हे मी पाठ केलं होतं. कळलं मात्र नाकाने.

‘पोरांना रसायनं हुंगायला द्यायची का?’ असं कुणी विचारेल. सरसकट नाहीच. नळी नाकाला लावायची नसते, हाताने वारा घालून थोडीशी वाफ नाकाकडे घ्यायची असते. हेसुद्धा प्रॅक्टिकलमध्येच शिकायचं ना? आणि नाक कुठे फसतं, तेही. मिथेनॉल आणि इथेनॉल नुसत्या वासावरून ओळखण्याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभरावर माणसं गेली.

म्हणून म्हणणं इतकंच : एस्टरचं प्रॅक्टिकल खरंच करा, करवून घ्या. लागतं काय? दोन-तीन बाटल्या, गरम पाणी आणि अर्धा तास. आणि वास आला नाही, तर जर्नलमध्ये ‘वास आला नाही’ असंच लिहा. तेही निरीक्षणच आहे. सरांनी त्यावरही सही करावी.