जीव वाचला, पुढे काय?

कर्करोग्याचे प्राण वाचले की वैद्यकशास्त्राचे कर्तव्य संपले, असे मानण्याचा काळ मागे पडावयास हवा. तोंड, जीभ, जबडा आणि स्वरयंत्र यांच्या कर्करोगाबाबत तर हे विशेषच खरे आहे. भारतात २०२२ साली ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४४ हजार नवे रुग्ण आढळल्याचा अंदाज आहे. तंबाखू, गुटखा आणि सुपारी यांची ही धाड बहुधा कष्टकऱ्यांच्या घरावर पडते.

या बाबतीत हैदराबादशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. मेहदी नवाज जंग यांच्या नावाची तेथील कर्करोग संस्था १९५५ साली उभी राहिली, तेव्हा मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. २००० साली तेथे बसवतारकम रुग्णालयही सुरू झाले. नांदेड-लातूरकडचे रुग्ण आजही हैदराबादची वाट धरतात.

शस्त्रक्रियेचे महत्त्व वादातीत आहे. आरंभीच्या अवस्थेतील तोंडाच्या कर्करोगात मानेतील गाठीही त्याच वेळी काढल्यास तीन वर्षांनंतर ८० टक्के रुग्ण हयात राहतात, वाट पाहिल्यास ६७.५ टक्के, मुंबईच्या टाटा रुग्णालयाने २०१५ साली हे सिद्ध केले. परंतु मानेच्या याच शस्त्रक्रियेनंतर अनेकांचा खांदा दुखरा होऊन हात वर जाईनासा होतो. पुढील किरणोपचाराने लाळ आटते, जबडा आखडतो आणि भाकरी खाणारा माणूस पेजेवर येतो. स्वरयंत्र गमावलेल्याला घरच्यांना हाकही मारता येत नाही. चेहरा बदललेला माणूस पंगत टाळतो, हळूहळू माणसेच टाळू लागतो. त्यात रोजगार बुडाला तर सारे कुटुंबच आजारी पडते.

हे अटळ नव्हे. गिळण्याचा व बोलण्याचा सराव, खांद्याचे व्यायाम, टाळूची कृत्रिम झडप यांनी पुष्कळ काही परत मिळते. बंगळूरचे डॉ. विशाल राव यांनी तर सुमारे ५० रुपयांत देता येईल असे स्वरसाधन तयार केले. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या १९९३ सालच्या प्रश्नावलीत वेदनेबरोबरच चावणे, गिळणे, बोलणे, रूप आणि रोजगार यांचीही विचारपूस केली होती. मग आमच्या रुग्णालयांनीच 'गाठ निघाली' एवढ्यावर गंगेत घोडे न्हाले असे का मानावे?

आंध्र प्रदेशात २००७ साली आरोग्यश्री योजना आली, महाराष्ट्रात २०१२ साली जीवनदायी योजना. गरिबाला शस्त्रक्रियेचे दार त्यांनी उघडले, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. मात्र ठरावीक प्रक्रियांभोवती आखलेल्या अशा योजनांत महिनोन्महिने चालणारे पुनर्वसन सहजी बसत नाही. ते बसविलेच पाहिजे. प्रत्येक कर्करोग केंद्रात वाचातज्ज्ञ आणि व्यायामोपचारतज्ज्ञ असावेत व पुढील सराव रुग्णाच्या जिल्ह्यातच व्हावा. महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेल्या अली यावर जंग यांच्या नावाची वाचा व श्रवण संस्था मुंबईत आहे. तिचे केंद्र सिकंदराबादेतही आहे. मनुष्यबळ घडविण्याची सोय दोन्हीकडे आहे. हवी आहे ती इच्छाशक्ती.

शासनाने वाचविलेल्या जीवाला तोंडचा घास आणि तोंडचा शब्द परत मिळाला, तरच तो खऱ्या अर्थाने वाचला असे आम्ही म्हणू.