डोक्यात धूर?

'मोयामोया' हे काही नव्या जपानी रेस्टॉरंटचं नाव नाही, बॉस! जपानीत याचा अर्थ धूसर, धुरकट. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मुख्य धमन्या अरुंद होत जातात, मग बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं तयार होतं. अँजिओग्राफीत ते धुरासारखं दिसतं, म्हणून सुझुकी आणि टाकाकू यांनी १९६९ मध्ये हे नाव रूढ केलं. मोठ्यांमध्ये स्मरणशक्ती बऱ्याचदा शाबूत राहते. पण रक्त कमी पडलं की प्लॅनिंग आणि विचारांचा वेग मंदावू शकतो, कधी कधी स्ट्रोक येण्याआधीच. ऑफिसात मात्र शिक्का बसतो, आळशी! आजार दुर्मिळ आहे, उगाच टेन्शन नको. पण हात अचानक बधिर झाला, जीभ अडखळली, तर दहा मिनिटांत बरं वाटलं तरी थेट हॉस्पिटल गाठा. बायपास मेंदूचीही होते!