कर्ज लेखी, पगार तोंडी

नीटचा निकाल लागतो, एमबीबीएसचा कटऑफ हुकतो आणि घरातली चर्चा फिजिओथेरपीवर येते. मुलगी हुशार आहे, तिला रुग्णसेवाच करायची आहे, ‘मेडिकल लाइन’ सुटू द्यायची नाही. यात चूक काहीच नाही. पक्षाघातानंतर लुळा पडलेला हात पुन्हा उचलायला शिकवणारा, गुडघा बदलल्यावर पहिली पावले टाकून घेणारा माणूस नसेल, तर मोठ्यात मोठ्या शस्त्रक्रियेचाही लाभ अर्धाच पदरात पडतो. प्रश्न या पेशाच्या मोलाचा नाही. हा पेशा शिकण्यासाठी जे कर्ज काढले जाते, ते फिटणार कशातून, हा आहे.

मुंबईतील केईएम, सायन आणि नायर, नागपूरचे शासकीय मेडिकल अशा मोजक्या सरकारी आणि महापालिकेच्या संस्था सोडल्या, तर बीपीटीएच या फिजिओथेरपीच्या पदवीच्या बहुतेक जागा खासगी महाविद्यालयांत आहेत. तिथली फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. तिच्यावर वसतिगृह, मेस, पुस्तके, जाणे-येणे आलेच. समजा, एखाद्या कुटुंबाने वर्षाला दीड लाख याप्रमाणे चार वर्षांत 6 लाख रुपये उचलले, व्याज 10 टक्के. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि त्यानंतरची एक वर्षाची सवलत एवढा काळ हप्ता नसतो, म्हणून पालक निर्धास्त असतात. पण व्याज थांबलेले नसते. सरळ व्याजाने मोजले तरी हप्ते सुरू होण्याच्या दिवशी या 6 लाखांचे 8 लाख 40 हजार झालेले असतात. दहा वर्षांची मुदत घेतली तर महिन्याचा हप्ता येतो सुमारे 11,100 रुपये, आणि शेवटचा हप्ता भरेपर्यंत घरातून 13 लाखांहून अधिक रक्कम गेलेली असते. मुदत पंधरा वर्षांची केली तर हप्ता 9,000 वर उतरतो, पण एकूण भरणा 16 लाखांच्या पुढे जातो.

आता दुसरी बाजू. नव्याने पदवी घेतलेल्या फिजिओला पुण्या-मुंबईतल्या क्लिनिकमध्ये किंवा छोट्या रुग्णालयात किती मिळतात? पंधरा, अठरा, फार तर वीस हजार, ही उत्तरे या मुलांच्या तोंडून वारंवार ऐकू येतात. अठरा हजारांतून अकरा हजार शंभर वजा केले की उरतात 6,900. एवढ्यात पुण्यात कॉट बेसिसवर राहून, डबा लावून महिना काढणे शक्य नाही. म्हणजे हप्ता बाप भरतो, तोही निवृत्तीला आलेला. सहकर्जदार म्हणून त्याची सही असतेच. व्याजासह कर्ज 8 लाख 40 हजार आणि पहिल्या वर्षाची कमाई 2 लाख 16 हजार. कर्ज मिळकतीच्या जवळजवळ चौपट झाले.

पाच-सात वर्षांनी हात बसतो, रुग्ण नावाने शोधत येतात, घरी जाऊन उपचार करणाऱ्याची मिळकत चांगली होते, हे खरे आहे. मात्र बँक नाव होईपर्यंत थांबत नाही. कमाई सर्वांत कमी असते त्याच वर्षांत हप्त्याचा भार सर्वांत जड असतो. शिवाय नुसत्या पदवीवर भागत नाही असे दिसले की मुले दोन वर्षांच्या एमपीटीएच या पदव्युत्तर अभ्यासक्रमाकडे वळतात आणि पहिले कर्ज फिटण्याआधी दुसरे उभे राहते.

आमचा आक्षेप नेमका इथे आहे. कर्जाचा प्रत्येक तपशील कागदावर असतो: दर, मुदत, जामीन, दंड. कमाईबद्दल मात्र सगळे तोंडी. ‘स्कोप आहे’, ‘परदेशात मागणी आहे’, ‘स्वतःचे क्लिनिक टाकता येते’. मागच्या तीन तुकड्यांतील किती जणांना काम मिळाले, पहिला पगार किती होता, इंटर्नशिपला विद्यावेतन दिले का, हे पालकाला लेखी सांगण्याची सक्ती असायला हवी. शुल्क नियामक प्राधिकरण महाविद्यालयाचा खर्च तपासून फी ठरवते. त्याच प्रस्तावासोबत माजी विद्यार्थ्यांच्या पगाराचा तक्ता मागवून तो फीच्या शेजारी प्रसिद्ध करायला काय हरकत आहे?

पगाराची किमान पातळी ठरवण्याचा मुद्दा तर त्याहून जुना. परिचारिकांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या निर्देशानंतर केंद्राने समिती नेमली. पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना 20,000 रुपयांपेक्षा कमी वेतन नसावे आणि दोनशेहून अधिक खाटा असतील तर ते सरकारी परिचारिकेइतके असावे, असे त्या समितीने सुचवले. अंमलबजावणी राज्यांवर सोडली गेली आणि छोट्या गावांतल्या रुग्णालयांत ते 20,000 आजही अनेकींच्या हाती पडत नाहीत. फिजिओथेरपिस्टसाठी तर एवढी शिफारससुद्धा ऐकिवात नाही. 2021 मध्ये संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, त्यात नोंदणी आली, अभ्यासक्रम आला. वेतन आले नाही. नावापुढे ‘डॉक्टर’ लावायचे की नाही यावर 2025 मध्ये देशभर वाद झाला. तेवढ्याच जोराने कोणी पगारावर भांडले असते तर या मुलांचे अधिक भले झाले असते.

काही दिलासे आहेत, ते पालकांना ठाऊक हवेत. कौटुंबिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्कात राज्याने 2024 पासून शंभर टक्के सवलत दिली आहे. फिजिओथेरपीला मुलींचीच संख्या मोठी असल्याने ही गोष्ट फार मोलाची आहे. मुख्य अट: प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, म्हणजे कॅप राउंडमधून हवा. संस्थास्तरावर किंवा व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली, अभिमत विद्यापीठ निवडले, की सवलत गेली. चार दिवसांच्या घाईपायी लाखो रुपयांवर पाणी सोडणारी कुटुंबे पाहिली की जीव तुटतो. कर्ज काढलेच असेल, तर शिकत असतानाच व्याज भरत गेल्यास बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत दरात एक टक्का सूट आहे. बेकारीच्या किंवा अपुऱ्या कमाईच्या काळात हप्ते काही काळ थांबवण्याची मुभाही तिच्यात आहे. शाखेत गेल्यावर हे कोणी आपणहून सांगत नाही, विचारावे लागते.

सरकारने पगाराचा तक्ता सक्तीचा करावा, आणि तो होईपर्यंत पालकांनी तो स्वतः तयार करावा. ज्या महाविद्यालयात प्रवेश घ्यायचा, तिथून गेल्या वर्षी इंटर्नशिप संपवलेल्या तीन-चार मुलामुलींना गाठा, पहिला पगार विचारा आणि बँकेकडून हप्त्याचा आकडा लिहून घ्या. पगार हप्त्याच्या दुप्पटही भरत नसेल, तर त्या जागेसाठी कर्ज काढू नका.